डक्टवरचं झाकण

भर उन्हाळ्यात रजया उन्हात घालणारी माणसं मला बघवत नाहीत. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, पक्षी झाडावरून टपकन खाली पडतायत आणि आमच्या इमारतीच्या गॅलऱ्यांतून सकाळी सकाळी जाडजूड रजया लोंबायला लागतात. रात्रभर एसी सोळावर ठेवायचा, मग थंडी वाजते म्हणून रजई ओढायची, आणि सकाळी तिला बंद खोलीचा कुबट वास येतो म्हणून ती त्याच उन्हात टाकायची. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना मी विचारलं की सोळाच्या ऐवजी सव्वीसवर ठेवलात तर रजई लागणारच नाही, नाही का? त्या म्हणाल्या, "अहो, पण रजईशिवाय झोप कुठे येते?" मी जिना चढायला लागले.

ही थंडी आभाळातून पडत नाही. खोलीतली उष्णता यंत्र उचलतं आणि बाहेर लावलेल्या डब्यातून बाहेर फेकतं. बाहेर म्हणजे नेमकं कुठे, कुणाच्या अंगावर, हा प्रश्न कुणाला पडत नाही. आमच्या इमारतीत बाहेर म्हणजे डक्ट. तळापासून गच्चीपर्यंत इमारतीच्या पोटातून गेलेली ती चौकोनी पोकळी. तिच्यातून संडासाचे पाइप उतरतात, कबुतरं घाण करतात, आणि कुणाची ना कुणाची चड्डी दोरीवरून निसटून तिच्या तळाशी कायमची मुक्कामाला गेलेली असते. प्रत्येक घराच्या मागच्या खोलीची एकुलती एक खिडकी या डक्टमध्ये उघडते. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. गरम हवा वर जाते हे शाळेत सगळेच शिकलेले असतात. आमच्या त्या मागच्या खोलीत माझे सासरे राहायचे.

त्यांना सगळी इमारत नाना म्हणायची. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वीजघरात बॉयलरवर काढली. कोळसा कसा जळतोय, ज्वाळेचा रंग कसा आहे, वाफेचा दाब किती चढलाय, यावर डोळा ठेवणं हे त्यांचं काम. नव्वदीच्या जवळ आले होते, गुडघे गेले होते, ऐकू बेताचं यायचं, पण उकाड्याबद्दल तक्रार करणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. "पोरी, बॉयलरच्या तोंडाशी उभं राहायचो आम्ही. हे काय गरम?" असं म्हणायचे आणि ओल्या पंच्याने मान पुसायचे. फरक इतकाच होता की तेव्हा त्यांना घाम यायचा. आता ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी निघून जायचं आणि कातडी कोरडी, कढत लागायची. मी दर थोड्या वेळाने पाणी नेऊन द्यायचे. नवऱ्यापेक्षा माझं त्यांच्याशीच जास्त जमायचं. नवरा चांगला आहे, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाचं शटर वाजवणं.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मी त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओतते, त्यावर मेणाची हिरडी चढवते आणि त्या मेणात एकेक दात बसवते. मग ती मेणाची कवळी डॉक्टरकडे जाते, पेशंटच्या तोंडात घालून बघतात, आणि जमली की मेणाच्या जागी पक्कं अॅक्रिलिक येतं. हे सगळं पुढच्या खोलीत चालतं. बर्नर पेटलेला असतो, अॅक्रिलिकच्या द्रवाचा नाकात झोंबणारा वास सुटलेला असतो. त्या वासाने नानांना खोकल्याची उबळ यायची, त्यामुळे दिवसा त्यांना पुढे आणून झोपवायची सोय नव्हती. दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळेला खोकून खोकून त्यांचा चेहरा काळानिळा झाला आणि ते म्हणाले, मला माझ्या खाटेवर ने.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत निभत होतं. एसीचे डबे तेव्हा इमारतीच्या दर्शनी बाजूला लटकलेले असायचे आणि गरम हवा रस्त्यावर जायची. तीही कुणाच्या तरी अंगावर जायची म्हणा. मग शहरात हरित इमारतींची स्पर्धा निघाली. आमच्या सेक्रेटरींना त्या स्पर्धेने झपाटलं. गोरेगोमटे, निवृत्त, वरचे दात गेलेले आणि खालचे जाण्याच्या बेतात, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावायची सवय. त्यांनी ठरवलं की दर्शनी भाग स्वच्छ दिसला पाहिजे. सगळे डबे उचलून डक्टमध्ये बसवले. बाहेरच्या भिंतीला हिरवा रंग दिला आणि त्यावर एक प्रचंड झाड रंगवलं. ते झाड रंगवायला जागा हवी म्हणून फाटकाजवळचं खरं झाड छाटलं, कारण त्याच्या फांद्या चित्राच्या आड येत होत्या. हे मी बनवून सांगत नाहीये. मी खिडकीतून बघत होते.

त्यानंतर सोलर पॅनेल आले. पॅनेलशी माझं काहीच भांडण नाही. गच्ची मोठी आहे, कुठेही बसवता आले असते. पण उरलेल्या गच्चीवर कमिटीला प्लॅस्टिकचं गवत अंथरायचं होतं, फोटोत गच्ची हिरवी दिसावी म्हणून. मग पॅनेल कुठे? सेक्रेटरींना सुचलं की डक्टचं तोंड फुकट जातंय. त्यावर लोखंडी सांगाडा ठोकला, खाली पत्रा टाकला, वर पॅनेल. कबुतरंही बंद झाली, एका दगडात दोन पक्षी म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. पॅनेलची वीज लिफ्टशेजारच्या टीव्हीला मिळते. त्यावर दिवसभर जंगलाची चित्रं फिरतात.

सगळ्या घरांची संमती लागत होती. आमच्या घराची सही नवऱ्याने केली. मला संध्याकाळी कळलं.

"तुम्ही वाचलंत तरी का काय लिहिलंय ते?" मी विचारलं.

"सगळ्यांनी केली होती. आपणच एकटे कशाला वाकड्यात शिरायचं?"

"त्या पत्र्याखाली तुमचे वडील झोपतात."

"खिडकी आहे की त्यांना," तो म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पहिल्याच उन्हाळ्यात डक्टची भट्टी झाली. इमारतभरची गरम हवा वर यायची, पत्र्याला आपटायची आणि नानांच्या खिडकीत घुसायची. खिडकी लावली तर खोली घुसमटायची, उघडली तर भाजायची. मी ओली चादर टांगायचे, ती बघता बघता खडखडीत वाळायची. रात्रीसुद्धा उतार नाही, कारण दिवसभर तापलेलं शहर रात्री निवत नव्हतं आणि सगळ्यांचे एसी रात्रीच जास्त चालत. या एवढ्याशा इमारतीत मला सगळ्या दुनियेचा कारभार दिसायला लागला. जो तो आपली खोली गार करतो आणि उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीत सोडतो. शेजारी तापतो, तोही एसी आणतो. मग सगळे मिळून म्हणतात की हल्ली काय भयंकर उकडतं नाही.

मी सेक्रेटरींकडे गेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवला तर अंगावर काटा आला, इतकी थंडी. ते शाल पांघरून बसले होते.

"वहिनी, तुमचं म्हणणं मी समजू शकतो," ते माझ्या दंडाला हात लावून म्हणाले. "पण आम्ही मोजलंय. गच्चीवर थर्मामीटर लावला होता. काही विशेष फरक नाही."

"गच्चीवर कुठे?"

"पॅनेलच्या सावलीत."

"नाना गच्चीवर झोपत नाहीत. खोलीत या, खोलीत मोजा."

"येतो ना. नक्की येतो. एकदा ती स्पर्धेची पाहणी होऊन जाऊ दे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि वहिनी, या वयात माणसाला सगळंच जास्त जाणवतं. थोडा मनाचाही भाग असतो."

ते खोलीत कधीच आले नाहीत. नवरा म्हणाला, तू बोललीस ना, झालं तर मग. माणसं खोटं बोलतात त्याचा मला इतका राग येत नाही. पण खोटं बोलताना दंडाला हात लावतात, काळजीने मान हलवतात, तेव्हा मला तो हात झटकावासा वाटतो.

डक्ट बंद झाल्यापासून एसी बिघडायला लागले. साहजिक होतं. डबे आपलीच फेकलेली गरम हवा परत आत ओढत होते, तापत होते, बंद पडत होते. पण आमच्या इमारतीत एसी बंद पडला की एकच निदान, गॅस कमी झाला. मेकॅनिकला बोलवा, गॅस भरा. तो यायचा, आमच्या मागच्या खिडकीतून डक्टमध्ये उतरायचा, कारण गच्चीवरची वाट बंद झाली होती आणि उतरायची शिडी आमच्याच खिडकीशी सुरू व्हायची. एक दिवस तो खिडकीबाहेरच्या लोखंडी फळीवर बसून एका नळीचं तोंड सैल करत होता. जोराचा फुसकारा सुटला आणि बराच वेळ चालू राहिला.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"जुना गॅस सोडतोय ताई. नवीन भरायचाय."

"असाच हवेत?"

"सगळे असाच सोडतात. परत भरून न्यायचं मशीन असतं, पण त्याचा वेळ कोण देतो? लोकांना अर्ध्या तासात गार पाहिजे."

"वाईट असतो ना तो?"

"लई वाईट. आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. किलोला किलो धरलं तर गाड्यांच्या, चिमणीच्या धुरातला जो कार्बन डायऑक्साइड असतो ना, त्याच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो." हे त्याने बसची वेळ सांगावी तसं सांगितलं आणि नळी पुसली. "आणि खरं सांगू का, यात गॅस कमी नव्हताच. जागा चुकलीय. वरचा पत्रा काढा, सगळे एसी नीट चालतील."

"मग हे सेक्रेटरींना सांगा की."

"सांगितलं. ते म्हणाले, तू गॅस भर."

म्हणजे दुखणं पत्र्याचं, औषध गॅसचं. आणि उतारा म्हणून तो गॅस आभाळात. अशा किती इमारती असतील आणि किती फुसकारे, याचा मी हिशोब करायला गेले आणि नंतर करायचा सोडून दिला.

नाना खाटेवरून हे सगळं ऐकत होते. मला वाटलं होतं त्यांना ऐकू आलं नसेल. मेकॅनिक गेल्यावर ते म्हणाले, "चिमणीचा धूर म्हणाला का तो?"

"हो."

"आमच्या चिमणीचा धूर तर कधीच विरून गेला असेल."

मी वाचलेलं होतं ते सांगावं की नाही, मला कळेना. पण नानांशी खोटं बोलायची सवय नव्हती. "विरून जात नाही तो नाना. दिसेनासा होतो. वर राहतो तसाच, शेकडो वर्षं."

त्यांनी छताकडे बोट केलं. "म्हणजे मी जाळलेला अजून वरच आहे."

"तुम्ही एकट्याने नाही जाळला. आणि तुम्ही जाळलात म्हणून आमच्याकडे दिवे लागले."

"ते खरं," ते म्हणाले. "पण सांगायला पाहिजे होतं कुणीतरी. आम्ही आपले ज्वाळा स्वच्छ दिसली की खूश."

त्या आठवड्यात नवऱ्याने एसीचा विषय काढला. नानांच्या खोलीत एक बसवून टाकू म्हणाला. मी म्हटलं, त्याचाही डबा त्याच डक्टमध्ये जाणार, खिडकीला लागूनच. नाना म्हणाले, मला नको. कशाला आणखी जाळायला लावता कुणाला. नवरा चिडला, "तुम्ही दोघं मिळून जग वाचवा," म्हणाला. मी नानांची बाजू घेतली. मला त्यांचा अभिमान वाटला होता. आज विचाराल तर मी तेव्हा एसी आणायला हवा होता की नको, मला सांगता येणार नाही. एवढं सांगते की पत्रा काढायला एक मेकॅनिक, एक शिडी आणि एक सकाळ पुरली असती, आणि प्रश्न एसीचा झाला.

मग माझं मेणही दगा द्यायला लागलं. मी बसवलेले दात सकाळी सरळ असायचे आणि दुपारपर्यंत मेण मऊ पडून एकमेकांवर कलायचे. मी कवळ्या फ्रिजमध्ये ठेवायला लागले, भाजीच्या शेजारी. पण फ्रिजमधून काढून डॉक्टरकडे पोचेपर्यंत रस्त्यातच त्या बिघडायच्या. असाच एक जबडा सेक्रेटरींचा होता. डॉक्टरने त्यांच्या तोंडात घालून बघितला तर पुढचे दोन दात एकमेकांकडे पाठ करून उभे होते. सेक्रेटरींचा फोन आला. पाहणीला परीक्षक येणार, त्यांना स्वागताचं भाषण करायचंय, आणि बिनदाताचं भाषण कसं करणार?

"वहिनी, तुमच्यासारख्या कसबी बाईकडून असं कसं झालं?"

"मेण वितळतं, भाऊ. घरात फार गरम आहे."

"मग एसी लावून घ्या की," ते म्हणाले.

पाहणी दुपारी होती. त्या दिवशी सकाळपासूनच हवा हलत नव्हती. रेडिओवर सांगत होते की बाहेर पडू नका, म्हाताऱ्या माणसांना जपा. डॉक्टरकडून निरोप होता की सेक्रेटरींची कवळी दुपारच्या आत पक्की करून हवी. मी नाही म्हणू शकले असते. पण त्या डॉक्टरचं काम गेलं तर घर चालणार नाही, नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात नानांच्या गोळ्याही धड येत नाहीत. मी नानांना पाणी दिलं, मान पुसली, पंखा त्यांच्या अंगावर वळवला. ते हसले. "जा, त्याचे दात कर. बोलू दे त्याला." मी मधलं दार लावून घेतलं, कारण अॅक्रिलिकचा वास त्यांना चालत नव्हता.

पाहणीच्या वेळी एसी बंद पडले असते तर कमिटीचं नाक कापलं गेलं असतं. खालच्या सभागृहात परीक्षकांना बसवायचं होतं आणि सकाळपासून दोनदा तिथला एसी बंद पडला होता. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की डब्यांवर पाणी मारत राहू, म्हणजे ते गार राहतील. गॅस भरून झाला होता, आता पाणी. ज्या शहरात टँकर आला की बायका बादल्या घेऊन भांडतात, तिथे यांनी तळमजल्याच्या पंपाला पाइप जोडला आणि डक्टमध्ये फवारा सोडून दिला. तापलेल्या डब्यांवर पाणी पडलं, त्याची वाफ झाली, वर पत्रा. मला पुढच्या खोलीत यातलं काहीही कळलं नाही. मी सेक्रेटरींच्या कवळीची किनार घासत होते.

उष्णता कोरडी असली तर माणूस काही काळ तग धरतो. हवेत पाणी मिसळलं की ओल्या पंच्याचासुद्धा उपयोग होत नाही, कारण पंचा वाळतच नाही. हे मला नंतर कळलं. नानांना ते बॉयलरवरच कळलं असणार.

कवळी पक्की करून, धुऊन, डबीत घालून मी डॉक्टरच्या माणसाकडे दिली. ती थेट सेक्रेटरींच्या हातात द्यायला तो खाली थांबलाच होता. मग हात धुतले, पाण्याचा तांब्या भरला आणि मधलं दार उघडलं. खोलीतून जे अंगावर आलं त्याला हवा म्हणता येणार नाही. भिंतींना पाण्याचे थेंब धरले होते. उशी, चादर, पंचा, सगळं ओलं आणि कढत. पंखा तीच वाफ खोलीभर फिरवत होता. नाना कुशीवर होते, एक हात खिडकीच्या दिशेला. खिडकी लावायला उठले असतील, पण गुडघ्यांनी साथ दिली नसेल. मी हाक मारली, गालावर पाणी मारलं, तळपाय चोळले. डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत मी नव्हते.

मी जिन्यात जाऊन ओरडले. खाली सभागृहात टाळ्या पडत होत्या. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा परीक्षकांची गाडी फाटकात उभी होती, ती मागे घ्यायला वेळ लागला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी नवऱ्याला वय विचारलं, वय ऐकून मान हलवली आणि दाखल्यावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. मी म्हटलं, उकाड्याने गेले ते. डॉक्टर म्हणाले, "बाई, या दिवसांत सगळेच थोडेफार उकाड्याने जातात. तसं लिहायला लागलो तर कसं होणार?"

घरी परत येताना नवरा एकच वाक्य बोलला. "एसी आणू दिला असतास तर." मी त्याला उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही. त्याच्या सहीचा विषयही मी काढला नाही, कारण दोन माणसं एकमेकांना दोष द्यायला लागली की तिसरा सुखाने झोपतो.

इमारतीला स्पर्धेत बक्षीस मिळालं, पहिलं नाही, पण मिळालं. नानांची शोकसभा आणि बक्षिसाचं अभिनंदन एकाच संध्याकाळी उरकलं, सभागृह दोनदा कशाला उघडायचं म्हणून. सेक्रेटरी नव्या दातांनी बोलले. नानांनी आयुष्यभर अंधाराशी झुंज दिली, असं काहीतरी म्हणाले. दात बरोबर बसले होते, शब्द स्वच्छ येत होते. मी माझंच काम बघत बसले होते आणि पहिल्यांदा मला त्याची शिसारी आली. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले. त्या शांततेत एसीचा आवाज तेवढा येत होता, आणि मागच्या रांगेत कुणीतरी शाल ओढून घेतली.

मी कमिटीला लिहून दिलं की पत्रा काढा. उत्तर आलं की बक्षिसाच्या अटींनुसार वर्षभर रचनेत बदल करता येत नाही.

परवा संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. नवऱ्याने लगबगीने खुर्ची पुढे केली. ते बसले, घाम पुसला, भिंतीवरच्या नानांच्या फोटोकडे बघून हात जोडले. मी कामाच्या टेबलावरून उठले नाही.

"वहिनी, तुमच्याकडे एक विनंती घेऊन आलोय," ते म्हणाले. "नाही म्हणू नका. आमच्या मुलाची नवीन खोली झाली, तिच्या एसीचा डबा बसवायला डक्टमध्ये जागाच उरली नाही. तुमच्या मागच्या खिडकीखाली तेवढी एक चौकट मोकळी आहे. खिडकी कायमची बंद करून घेऊ, खर्च आमचा. आता तशी ती खोली रिकामीच असते ना."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं, तो हो म्हणून बसला होता, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

"रिकामी नाही," मी म्हटलं. "मी झोपते तिथे."

हे खरं होतं. नाना गेल्यापासून मी रात्री त्यांच्याच खाटेवर पडायचे. झोप येत नव्हती ती गोष्ट वेगळी.

सेक्रेटरी खरोखर दचकले. पुढे वाकले, माझ्या दंडापर्यंत हात पोचत नव्हता म्हणून तो टेबलावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती खोटी नव्हती.

"अहो वहिनी, भलतंच काय?" ते म्हणाले. "त्या खोलीत माणूस झोपू शकतो का? सगळ्या इमारतीची गरम हवा तिथे येते. जीव जाईल एखाद्याचा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आता कळेल, आता त्यांचं त्यांनाच ऐकू येईल, म्हणून बघत राहिले. ते उत्तराची वाट बघत होते.

नवरा उठला आणि त्यांच्यासाठी फ्रिजमधलं गार पाणी घेऊन आला.